अण्णांची आठवी लेव्हल

फाइली आवळून त्यांचं एक गाठोडं बांधणारं सॉफ्टवेअर पूर्वी प्रत्येक कॉम्प्युटरवर असायचं. उघडल्या उघडल्या ते सांगायचं, फुकट वापरायचे दिवस संपले, आता विकत घ्या. आपण ती खिडकी बंद करायची, की ते निमूट कामाला लागायचं. मी ते वर्षानुवर्षं वापरलं आणि एकदाही विकत घेतलं नाही. त्यानेही एकदाही काम अडवलं नाही. परत उघडलं की पुन्हा तेच सांगायचं, पुन्हा निमूट कामाला.

हार्डडिस्कची आवराआवर करणारं एक होतं. पडद्यावर बारीक रंगीत चौकोन यायचे आणि इकडचे तिकडे सरकायचे. मी ताट मांडीवर घेऊन ते बघत जेवायचो. कॉम्प्युटर त्याने खरंच जोरात चालायचा का, सांगता येत नाही. पण आपल्या घरात कुणीतरी न सांगता आवरतंय असं वाटायचं. आता ते काम कॉम्प्युटर स्वतःच आतल्या आत उरकतो, कळतही नाही. बघायला काही उरलं नाही.

हे सगळं आधी लिहितोय, कारण मुद्द्याचं लांबणीवर टाकायची मला सवय आहे. मुद्द्याचं सॉफ्टवेअर वेगळं होतं. त्याला आम्ही खिळा म्हणायचो.

मी तेव्हा उल्हासनगरला, तीन नंबर कॅम्पात कॉम्प्युटरच्या दुकानात होतो. पुढे सुटे भाग जोडून मशीन तयार करायची आणि मागच्या खोलीत चार मशीन गेम खेळायला तासावर द्यायची, असा धंदा होता. शेठ सिंधी. धंद्याचं तत्त्व त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: "साईं, गिराहक को बोलने दे. वो खुद बतायेगा उसको क्या चाहिए." मागच्या खोलीतल्या गिराहकाला बहुतेक वेळा एकच गोष्ट हवी असायची. न मरणं.

त्यासाठी खिळा. गेममधला प्रत्येक आकडा, म्हणजे गोळ्या किती, जीव किती, हे कॉम्प्युटरच्या स्मरणात कुठेतरी लिहिलेलं असतं. खिळा ते शोधून द्यायचा. तुमच्याकडे दहा गोळ्या आहेत, तर जिथे जिथे दहा लिहिलंय त्या जागा तो गोळा करणार. मग एक गोळी झाडायची आणि त्यातल्या कुठल्या जागी आता नऊ झालेत ते विचारायचं. असं करत करत एकच जागा उरते. तिथला आकडा ठोकून ठेवायचा, की तो हलत नाही. कितीही झाडा, गोळ्या दहाच. कुणी बनवलं होतं ठाऊक नाही, पण चालू केलं की कर्कश संगीत वाजायचं, एवढी फुशारकी सोडली तर हत्यार प्रामाणिक होतं. सांगितलं तेच करायचं.

त्याच सुमाराला अंबरनाथला अण्णांची केमिकल कंपनी बंद पडली. अण्णा म्हणजे माझे वडील. तिथे ते बॉयलरवर होते आणि जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये बुद्धिबळ खेळायचे. कंपनी गेली तशी कॅन्टीनही गेली. अण्णा बदलापूरला आमच्या हेंद्रेपाड्यातल्या घरी खिडकीशी बसून राहायला लागले. ते भांडले असते, प्यायले असते, तर आईला काय करायचं ते कळलं असतं. ते नुसते बसायचे. विचारलं तर म्हणायचे, "काही नाही, बसलोय."

मी दुकानातले उरलेसुरले भाग जोडून घरी एक कॉम्प्युटर उभा केला आणि त्यात बुद्धिबळाचा गेम टाकला. त्यात आठ लेव्हल होत्या. पहिलीत मशीन फारसा विचार न करता चाल खेळायचं, आठवीत भरपूर विचार करून. अण्णांनी बाहेरच्या माणसांसमोर बसावं तसं नीट शर्ट घालून खेळायला सुरुवात केली. स्वाभिमानाने तिसऱ्या लेव्हलवर बसले आणि हरले. मग रोज हरायला लागले. खिडकीशी बसलेले अण्णा बरे होते असं आईला वाटायला लागलं.

एकदा मी डबा भरून निघालो होतो, तेव्हा तिने मला दारात गाठलं.

"तुझा तो कॉम्प्युटरचा डबा रोज ह्यांना हरवतो."

"मग मी काय करू? खेळच तसा आहे."

"दुकानात पोरांना जिंकवतोस ना? मग घरात काय झालं? बापाचे पैसे मिळत नाहीत म्हणून?"

आईचं बोलणं असंच असायचं. मी संध्याकाळी येऊन खिळा ठोकला. ह्या गेममध्ये गोळ्या नव्हत्या, पण मशीनने किती खोल विचार करायचा हाही आकडाच होता. तो मी सगळ्यात खाली नेऊन ठोकला. पडद्यावर लेव्हल जी असेल ती दिसायची, आत मशीन मनात येईल ती पहिली चाल खेळायचं. वर आठवीची पाटी, आत बालवाडी. कॉम्प्युटर चालू केला की खिळा आपोआप चालू होईल अशी सोय केली, संगीत बंद केलं. फक्त खाली कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, त्याचं एक बारीकसं चिन्ह दिसायचं. अण्णांनी एकदा विचारलं, "हे काय रे?" मी म्हटलं, "व्हायरस येऊ नये म्हणून आहे."

अण्णा तिसरीत जिंकले. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. पुन्हा खेळले, पुन्हा जिंकले, आणि मग स्वतःच चौथीत गेले. दरवेळी ते वरची लेव्हल लावायचे आणि जिंकेपर्यंत जागचे उठायचे नाहीत. त्यांच्या दृष्टीने ते सगळं कष्टाचंच होतं. आठवीत जिंकले तेव्हा मी दुकानात होतो. रात्री जेवताना त्यांनी सांगितलं, "आठवी झाली," आणि भाकरी मोडली.

त्यानंतरचे अण्णा वेगळे होते. पहाटे बारवी धरणाच्या रस्त्याने फिरायला जायला लागले. बुद्धविहारात अभ्यासिका सुरू झाली तेव्हा तिची किल्ली त्यांच्याकडे आली, कारण सकाळी सगळ्यांच्या आधी उठून न चुकता उघडेल असा माणूस तोच, असं सगळ्यांचं मत पडलं. स्पर्धा परीक्षांची पोरं त्यांना गणितं विचारायची. गणितं त्यांना येत नव्हती, पण ते असं तोंड करून वाचायचे की पोरांना वाटायचं, उत्तर ह्यांना माहीत आहे, आपल्याकडून काढून घेतायत.

एक नुकसान झालं. कॅन्टीनमध्ये त्यांच्याशी खेळणारे काका आमच्याच गल्लीत राहतात. कंपनीत दोघं एकाच पाळीला होते. ते सुरुवातीला पट घेऊन यायचे. आठवीची बातमी कळल्यावर यायचे बंद झाले. रस्त्यात भेटले की म्हणायचे, "कॉम्प्युटरला लोळवणाऱ्याशी मी काय खेळू, लेका? मला सोड." अण्णा हसायचे. मीही हसायचो.

वर्षं गेली. माझं लग्न झालं, दुकान सुटलं, मी स्वतःचं काम सुरू केलं. अंबरनाथ-बदलापूरच्या बारक्या कंपन्यांची जुनी मशीनं बदलून द्यायची आणि त्यांचा माल, म्हणजे बिलं, फोटो, हिशोब, काही न सांडता नव्या मशीनवर न्यायचा, हे माझं काम. ते मी चांगलं करतो असं लोक म्हणतात. आई गेली. अण्णा जुन्याच कॉम्प्युटरवर रोज दुपारी आठवी लेव्हल खेळत राहिले. त्याचे सगळे भाग मी एकेक करून बदलले असतील, पण आतलं हलवलं नाही.

मग तो एकदाचा गेलाच. मदरबोर्ड जळला. मी अण्णांना नवाकोरा लॅपटॉप आणला, जुनी हार्डडिस्क जोडून बुद्धिबळाचा गेम त्यावर आणला, नव्या सिस्टिमवर तो चालेल असं केलं. अक्षरं मोठी केली. अण्णा म्हणाले, "चित्र चांगलं दिसतंय." गेम आणला, खिळा आणला नाही. मुद्दाम नाही. मी विसरलो होतो. तो घड्याळाशेजारी इतकी वर्षं बसून होता की तो मीच बसवलाय हे माझ्या डोक्यातून गेलं होतं. लोकांच्या कंपनीतली एक चिठ्ठी मी सांडत नाही. घरचं हे असं.

अण्णा हरले. लॅपटॉपची सवय नाही, माउस छोटा आहे, असं आम्ही म्हटलं. मी मोठा माउस आणला. अण्णा मोठ्या माउसवर हरले.

दुपारी खेळणं संपलं की ते बराच वेळ पटाकडे बघत राहायचे. चूक कुठे झाली ते शोधायचे. मग एकदा जेवताना म्हणाले, "आता पुढच्या दोन चालीसुद्धा दिसत नाहीत रे. आधी दिसायच्या." माझ्या बायकोने माझ्याकडे बघितलं. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. अण्णांच्या थोरल्या भावाचं असंच झालं होतं. आधी वस्तू विसरले, मग रस्ते, मग माणसं. अण्णांनी ते अगदी जवळून बघितलं होतं आणि त्यांना जगात दुसऱ्या कशाची भीती वाटत नसावी.

त्यांनी स्वतःची आवराआवर सुरू केली. गॅस पेटवायचा बंद केला. बारवीच्या रस्त्याला जाणं सोडून गल्लीतच फेऱ्या मारायला लागले. नाव, पत्ता आणि माझा नंबर सुवाच्य अक्षरात लिहून तो कागद शर्टाच्या खिशात ठेवायला लागले. शर्ट धुवायला टाकताना आठवणीने काढायचे. आठवणीने काढायचे, हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी आजचा वार विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले, तीन वस्तूंची नावं सांगून थोड्या वेळाने परत विचारली. अण्णांनी सगळं बरोबर सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे."

अण्णांनी विचारलं, "बुद्धिबळ खेळता का तुम्ही?"

"नाही हो. वेळच मिळत नाही."

"मग राहू द्या," अण्णा म्हणाले आणि चपला घालायला लागले.

रिक्षात मला म्हणाले, "वार तर कुणीही सांगेल. मी आठवी लेव्हलचा माणूस आहे. मी कुठून घसरलो ते त्याला काय कळणार? त्याने मला जमिनीवर बघितलं आणि म्हणाला, छान उभे आहात."

त्याच आठवड्यात त्यांनी अभ्यासिकेची किल्ली गल्लीतल्या काकांना नेऊन दिली. काका नको म्हणत होते. अण्णा म्हणाले, "पोरांची परीक्षा आहे आणि मी उघडायलाच विसरलो तर? मी अजून शहाणा आहे तोवर घे." आता सकाळी उठून करायला त्यांच्याकडे काही उरलं नाही. खिडकीशी बसले. बायकोने विचारलं, "अण्णा, बरं वाटत नाही का?" ते म्हणाले, "काही नाही, बसलोय."

खिळा मला सापडला तो आईच्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनासाठी फोटो शोधताना. कार्यक्रमात लावायला चांगला फोटो हवा होता म्हणून मी जुनी हार्डडिस्क काढली. फोटो शोधता शोधता एका कोपऱ्यात ती फाइल दिसली. मी हातातला चहा खाली ठेवला. मग उचलला आणि प्यायलो. मला सगळं कळलं होतं, पण चहा गार होत होता.

बायकोला मी सांगितलं. तिला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे अण्णांना काही झालेलं नाही?"

"नाही."

"आणि तुम्हीच त्यांना डॉक्टरकडे नेलंत."

"हो."

"अहो, मग उठा ना. जाऊन सांगा."

मी सांगितलं नाही. मला वाटलं सांगायची गरजच काय. खिळा परत ठोकतो, अण्णा परत जिंकतील, परत किल्ली घेतील, विषय संपला. इतकी वर्षं ज्याने भलं झालं त्याने आणखी काही वर्षं होईल. मी फाइल लॅपटॉपवर टाकली. अँटिव्हायरसने ती बघताक्षणी उचलून कोठडीत टाकली आणि मला विचारलं, हा प्रोग्राम तुमच्या विश्वासातला आहे का? मी 'हो' दाबलं. त्याने तरीही सोडली नाही. त्या घरात खिळ्याबद्दल खरं बोलणारा तो पहिलाच.

शेवटी मी नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुना कॉम्प्युटर बसवला. असं करता येतं. नव्याच्या आत एक खोटा जुना उभा राहतो आणि त्याला वाटतं आपण अजून त्याच काळात आहोत. त्यात जुनी सिस्टिम, जुना गेम आणि खिळा. गेम पूर्ण पडदा व्यापेल असं केलं आणि अण्णांना म्हटलं, थोडी दुरुस्ती केलीय, बघा खेळून.

अण्णा बसले. बराच वेळ खेळले. आठवीत जिंकले. मी मागे उभा होतो. म्हटलं, "बघा! जिंकलात की!"

अण्णा वळले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"दादालाही असे दिवस यायचे," ते म्हणाले. "एका रविवारी त्याने आख्ख्या खात्यातल्या माणसांची नावं घडाघडा सांगितली. आम्ही म्हटलं, सुधारला. पेढे आणायला पाठवलं कुणाला तरी. चार दिवसांनी वहिनीला विचारतो, बाई, तुम्ही कुणाकडे आलात?"

हरले तर डोकं गेलं, आणि जिंकले तर डोकं ये-जा करायला लागलं. कुठलंही सॉफ्टवेअर टाकून आता उपयोग नव्हता. बायको दारात उभी होती. ती तिथून हलली नाही, म्हणजे मला बाहेर पडायला जागा नव्हती.

मी खुर्ची ओढून अण्णांच्या समोर बसलो आणि सांगितलं. दुकान, गोळ्या, आकडा, घड्याळाशेजारचं चिन्ह. माझं झाल्यावर त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तू चांगला मुलगा आहेस," ते म्हणाले. "पण मला असं समजावू नकोस. दादाला पण आम्ही काय काय सांगायचो. म्हणायचो, 'तू विसरला नाहीस, आम्हीच तुला सांगितलं नव्हतं.' त्याला बरं वाटावं म्हणून."

"अण्णा, मी खरं सांगतोय. दाखवतो तुम्हाला."

खिळा बंद करून खेळायला लावलं. हरले. चालू करून लावलं. जिंकले. मी म्हटलं, "बघितलंत?" ते म्हणाले, "मघाशी डोळ्यांत पाणी येत होतं. नीट दिसलं नाही." मी पुन्हा समजावलं. ते पुन्हा गुडघ्यावर थोपटायला लागले, जसं काही मीच आजारी होतो. मला राग आला. आयुष्यात पहिल्यांदा ह्या माणसाला मी धडधडीत खरं सांगत होतो आणि तो ते माया म्हणून घेत होता.

मी म्हटलं, "आईला माहीत होतं. तिनेच सांगितलं होतं करायला."

अण्णांचा हात थांबला.

"काय म्हणाली होती?"

"म्हणाली, दुकानात पोरांना जिंकवतोस ना, मग घरात काय झालं? बापाचे पैसे मिळत नाहीत म्हणून?"

हे वाक्य मी रचलेलं असणं शक्य नव्हतं. तसं बोलणारी बाई एकच होती. अण्णांनी हात काढून घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला. त्यांना पटलं. इतका वेळ मला जे पटवायचं होतं ते त्या एका क्षणात पटलं, आणि ते बघून मी ते परत घेण्यासाठी काहीही द्यायला तयार होतो.

"बरं," अण्णा म्हणाले. उठले, खिशातला नावपत्त्याचा कागद काढला, चार तुकडे केले आणि कचऱ्यात टाकले. मग आतल्या खोलीत गेले.

बायको पुढे आली. खालच्या आवाजात म्हणाली, "मला बसवायचं होतंत ना खेळायला."

"तुला कुठे येतं?"

"तेच म्हणतेय मी. मला घोडा कसा चालतो तेही माहीत नाही. मी आठवीत जिंकले असते तर पटलं नसतं का त्यांना? आईंना कशाला मधे आणलंत?"

मला ते सुचलं नव्हतं. खरं तर सुचायची मी वाट बघितली नव्हती. खिळा सापडल्यापासून त्या गोष्टीचं ओझं मी एकटा उचलतोय असं मला वाटत होतं, आणि उतरवायची वेळ आली तेव्हा अर्धं मी गेलेल्या बाईच्या डोक्यावर ठेवलं. तिला नाही म्हणता येणार नव्हतं. मी खिळा ठोकला त्याचं मला आज फारसं वाईट वाटत नाही. त्या खोलीत सुटलेलं ते वाक्य मात्र मी अजून मनात पुन्हा पुन्हा खोडून बघतो.

दुसऱ्या दिवशी अण्णा सकाळी विहाराकडे निघाले. मला म्हणाले, "चल." मी मागोमाग गेलो. काका अभ्यासिका उघडत होते; कुलूप त्यांच्याकडून नीट निघत नव्हतं.

"किल्ली आण इकडे," अण्णा म्हणाले.

"का रे? बरं वाटतंय का आता?"

"डोकं ठीक आहे माझं. मला खेळताच येत नव्हतं. ह्याने मशीनमध्ये खोट ठेवली होती, म्हणून जिंकायचो." आणि माझ्याकडे बोट दाखवलं. अभ्यासाला आलेली दोन-तीन पोरं पुस्तकं छातीशी धरून ऐकत होती. मी जमिनीकडे बघितलं.

काकांनी किल्ली दिली. म्हणाले, "तुला खेळता येत नाही हे मला कॅन्टीनपासून माहितीये."

"मग इतकी वर्षं खेळायला का नाही आलास, लेका?"

"म्हटलं, शिकला असशील!"

अण्णा हसले. मला वाटलं, झालं, मिटलं. पण परत येताना मी बरोबर चालायला लागलो की ते किंचित पुढे व्हायचे.

आता काका पट घेऊन येतात. दुपारी ओटीवर दोघांची आरडाओरड चालते. "हात लावलास, आता तेच प्यादं चालव!" "तुझ्या कंपनीचा नियम असेल तो!" "कंपनी एकच होती रे गाढवा!" अण्णा बहुतेक हरतात. बारवीच्या रस्त्यालाही जायला लागलेत. लॅपटॉप उघडत नाहीत. एकदा मी लाइट बिल मोबाइलवर भरलं असं सांगितलं, तर म्हणाले, "दाखव." मी दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि विचारलं, "हे खरं बिल आहे, की तू बनवलंयस?" थट्टेने नाही. माहिती म्हणून विचारलं.

परवा संध्याकाळी मी त्यांचं बीपी बघत होतो. दंडाला पट्टा गुंडाळला, मशीनचं बटण दाबलं. पट्टा फुगत असताना ते अचानक म्हणाले, "तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो, अण्णा."

"मी आठवीत जिंकलो ना, तेव्हा तू दुकानात होतास. मी हाक मारली तिला. ती आली, पडद्याकडे बघितलं आणि पदर डोळ्यांना लावून बराच वेळ रडली. मी म्हटलं, अगं, जिंकलोय मी." पट्टा घुरघुरत होता. "ते पण ठरवून होतं का?"

नाही, असं सांगायचं होतं मला. ती खरंच आनंदाने रडली, असं. तोंडापर्यंत आलंही होतं, आणि कदाचित ते खरंही असेल. पण मी तिथे नव्हतो.

"माहीत नाही," मी म्हटलं. "त्याबद्दल आमचं कधी बोलणं झालं नाही."

अण्णांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, बिल वाचताना बघतात तसं, वरपासून खालपर्यंत. मशीन वाजलं. आकडा आला. मी तो वाचून सांगणार, इतक्यात त्यांनी मशीन माझ्या हातातून घेतलं आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे धरलं.

"सूनबाई, इकडे ये गं जरा," ते म्हणाले. "किती आलंय ते तू बघ."